बुरशी आणि ज्वारीचं वाण

शेतकरी बंधू-भगिनींनो, नमस्कार.

कणीस भरताना पाऊस लागला की ज्वारीवर गुलाबी-काळी बुरशी चढते, हे तुम्हाला सांगायला नको. पण एका शेतातलं वाण काळं पडतं आणि धुऱ्यापलीकडचं पांढरं राहतं, ते का?

आमचं शेत सावनेर तालुक्यात. मी दहा-बारा वर्षांची असेन. बाबांनी पाच एकरांत हायब्रीड पेरलं होतं, आणि आजीच्या हट्टापायी धुऱ्यालगत अर्धा एकर गावरान. हायब्रीड बुटकं, कणीस घट्ट, भरगच्च. गावरान डोक्यावरून उंच. नवरात्रात हायब्रीडचा दाणा भरला आणि नेमका पाऊस धरला. सहा दिवस! गावरान तेव्हा पोटरीतच होतं, कणीस अजून पानाबाहेर पडायचं होतं. उघडीप झाल्यावर आजीनं हायब्रीडचं एक कणीस तळहातावर चोळलं. दाण्याचा भुगा झाला, हात करडा झाला, कुबट वास आला. त्या पिठाची भाकर थापतानाच चिरली. कडवट लागली, बाबांनी ताटातच ठेवली. व्यापाऱ्यानं निम्मा भाव दिला. दिवाळीनंतर गावरान निघालं. आजीनं दाणा दाताखाली धरला, कट्टकन वाजला. म्हणाली, "पोरी, हे ठेवजो बियाण्याले."

गावरान वाण दिवस लहान होऊ लागले की फुलोऱ्यावर येतं, दाणा भरेपर्यंत पाऊस सरलेला असतो. म्हणजे ते बुरशीला चुकवतं. १९६४ साली सीएसएच-१ हे संकरित वाण आलं. उत्पादन वाढलं, पण लवकर येणारा दाणा पावसात सापडू लागला. भर पावसात टिकणारं वाण वेगळं: दाणा कडक, कणीस मोकळं, तुसं दाण्याला झाकणारी. पुन्हा सांगते, कडक दाणा, मोकळं कणीस, झाकणारं तूस. लाल दाण्यातला तुरटपणाही बुरशीला अडवतो, पण त्याची भाकर आपल्याला रुचत नाही.

भाकरीवरून आठवलं. नागपूरची माणसं हुरड्यासाठी तास-दोन तास गाडी हाकत शेतावर जातात, आणि घरी रोज गव्हाची पोळी. ज्वारी रोजच्या ताटात परत यायला हवी, हे माझं ठाम मत आहे. मात्र बुरशीची ज्वारी घरात खाऊ नका. १९९५ साली दख्खनच्या पठारावर पावसात भिजलेली ज्वारी आणि मका खाऊन गावंच्या गावं पोटदुखी आणि जुलाबानं आजारी पडली होती.

बुरशीला टिकणारं वाण काणीलाही, म्हणजे दाण्यात काळी भुकटी भरणाऱ्या रोगालाही, टिकेल असं समजू नका. दाणे काणी बियाण्यातून येते. पेरणीआधी किलोमागे ४ ग्रॅम गंधकाची भुकटी चोळा. किलोला ४ ग्रॅम. आणि बियाणं घेताना उत्पादन किती येतं याच्या आधी विचारा: फुलोरा किती दिवसांनी, आणि दाणा कडक आहे का? नमस्कार.