एक डोळा झाकून बघा

नमस्कार श्रोतेहो, नागपुरातून, कामठी, हिंगणा, उमरेड, काटोल, जिथून कुठून ऐकून राहिले असाल त्या सगळ्यांना नमस्कार. आज आपल्याला लहान लेकरांच्या डोळ्यांबद्दल बोलायचंय. मी चष्म्याचे नंबर काढते, गेली अठरा वर्षं हेच काम, आणि रोज कुठल्या ना कुठल्या आईबापाच्या तोंडून एक वाक्य ऐकते, "पण मॅडम, यानं कधी सांगितलंच नाही की दिसत नाही म्हणून."

सांगणार कसं हो? मोठ्या माणसाचा नंबर वाढला की त्याला कळतं, कारण मागच्या वर्षी बसचा बोर्ड लांबून वाचता यायचा आणि यंदा येत नाही. लेकराकडे मागचं वर्षच नाही. त्याला जन्मापासून जसं दिसलं तेच त्याच्यासाठी दिसणं, सगळ्या जगाला असंच दिसतं असं ते धरून चालतं, आणि एक डोळा चांगला असला तर मग विचारूच नका, घरात कोणाला पत्ता लागत नाही.

माझ्या घरचंच सांगते. ताई सक्करदऱ्याला राहते, डिसेंबरचे दिवस होते, गच्चीवर उन्हात बसून आम्ही संत्री खात होतो आणि भाचा माझ्या मांडीवर, सहा वर्षांचा. खेळ असा की मी त्याचा एक डोळा हातानं झाकायचा, दुसऱ्या तळव्यावर संत्र्याच्या फोडी ठेवायच्या आणि त्यानं किती ते सांगायचं. डावा डोळा झाकला, पठ्ठ्यानं पटापट सांगितलं, तीन, पाच, दोन. मग उजवा झाकला तर मान वळवायला लागला, माझ्या बोटांच्या फटीतून बघायला लागला, आणि शेवटी दोन्ही हातांनी माझा हात ओढून म्हणाला, "मावशी हात काढ ना, काही दिसून नाही राहिलं." ताई हसून म्हणाली, मस्ती करून राहिला गं तो. मी परत केलं, परत तेच. तिसऱ्या वेळी ताईचं हसू थांबलं.

दुसऱ्या दिवशी थेंब टाकून तपासलं, उजव्या डोळ्याचा नंबर जवळजवळ काहीच नाही आणि डाव्याचा प्लस साडेपाच, म्हणजे भलताच जास्त. डोळा तिरळा नाही, लाल नाही, पाणी नाही, पोरगं बॉल झेलतं, टीव्ही लांबून बघतं, अक्षर छान काढतं, सगळं उजव्या डोळ्यावर चाललेलं. मी त्याची मावशी, हेच काम करणारी, जन्मल्यापासून त्याला अंगाखांद्यावर खेळवलं आणि सहा वर्षं त्याचे डोळे किती सुंदर आहेत एवढंच बघितलं. ते मला अजून टोचतं, म्हणूनच आज इथे येऊन बोलतेय.

याला आमच्याकडे आळशी डोळा म्हणतात, डॉक्टर अँब्लिओपिया म्हणतात. शंभर मुलांमागे साधारण दोन-तीन मुलांना हा असतो. नाव आळशी असलं तरी डोळ्याचा दोष तेवढा नाही, गोष्ट मेंदूची आहे. बघायचं कसं हे मेंदू शिकतो, पहिल्या सात-आठ वर्षांत शिकतो, आणि एका डोळ्याकडून सारखं धुरकट चित्र येत असलं तर तो त्या डोळ्याचं ऐकणंच सोडून देतो. डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझल या दोघा शास्त्रज्ञांनी मांजरीच्या पिल्लांवर हे दाखवलं होतं, पिल्लाचा एक डोळा लहानपणी काही आठवडे बंद ठेवला आणि नंतर उघडला तर डोळा ठीकठाक पण मेंदू त्यातून बघेना, आणि मोठ्या मांजरीचा तसाच बंद ठेवला तर असं काही झालं नाही. 1981 साली त्यांना नोबेल मिळालं. म्हणजे वय हीच इथली सगळ्यात मोठी गोष्ट आहे. पण माझं लेकरू तर दहा वर्षांचं झालं म्हणून सोडूनही देऊ नका, उशिरा फायदा कमी होतो, शून्य होत नाही.

भाच्याला आधी चष्मा दिला, काही आठवडे नुसता चष्मा, मग चांगल्या डोळ्यावर रोज दोन तास पट्टी. पट्टी लावायची म्हटलं की रडारड, कारण लावल्या लावल्या त्याचं जग धूसर व्हायचं ना. मग ताईनं एक युक्ती काढली, पट्टी लावली की पेपर पुढ्यात द्यायचा आणि लाल पेन, प्रत्येक 'क'भोवती गोल काढायचा. सुरुवातीला फक्त पहिल्या पानावरची मोठी हेडलाईन जमायची, नाक कागदाला टेकवून. पुढे पुढे बातम्यांची उपशीर्षकं, आणि उन्हाळा संपेस्तोवर आतल्या पानावरच्या बारीक छोट्या जाहिरातींमध्ये लाल गोल दिसायला लागले. ताईनं ते पेपर रद्दीत दिले नाहीत, दिवाणात ठेवलेत. जो डोळा चार्टवरच्या सगळ्यात मोठ्या अक्षरापुढे सरकत नव्हता तो आज खालून तिसरी ओळ वाचतो. तीन-चार वर्षांचा असताना सापडलं असतं तर कदाचित शेवटचीही वाचली असती.

आता अगदी तान्ह्या बाळापासून सांगते. नवीन बाळाला वीस-तीस सेंटीमीटरवरचं तेवढं बरं दिसतं, म्हणजे पाजताना आईचा चेहरा असतो ना तेवढंच अंतर. दोन-तीन महिन्यांत ते चेहऱ्यामागे, खुळखुळ्यामागे नजर फिरवायला लागतं. पहिले तीन-चार महिने डोळे मधेच इकडेतिकडे भरकटतात, ते चालतं, पण त्यानंतरही एक डोळा वळत असेल तर दाखवायचं, तिरळा डोळा भाग्याचा असतो, मोठा झाला की आपोआप सरळ होतो, असलं कोणी म्हणालं तरी दाखवायचं. त्या तिरळेपणामागेही नंबर किंवा आळशी डोळा असू शकतो, आणि कधी त्याहून गंभीर काही असतं. डोळ्याच्या बाहुलीत पांढरं दिसलं, नाहीतर फ्लॅशच्या फोटोत एका डोळ्यात लाल ठिपका आणि दुसऱ्यात पांढरा असा फोटो परत परत येत असेल तर उद्यावर ढकलू नका. तो मोतीबिंदू असू शकतो, लहान बाळांनाही होतो, आणि डोळ्याच्या आतल्या पडद्याचा कॅन्सरही असू शकतो.

आणि ज्यांचं बाळ दिवसांच्या आधी झालं, दोन किलोच्या आत होतं, काचेत ठेवावं लागलं होतं, त्यांनी पडद्याची तपासणी झाली का हे स्वतःहून विचारा. जन्मापासून तीस दिवसांच्या आत ती व्हावी लागते, फारच लहान बाळ असेल तर दोन-तीन आठवड्यांतच. वजन वाढलं, सुट्टी मिळाली या आनंदात हे राहून जातं, आणि पडदा सुटला की मग फार थोडं हातात उरतं.

लोक विचारतात, ज्याला बोलता येत नाही, एबीसीडी येत नाही त्याचा नंबर काढणार कसा. आम्ही त्याला विचारतच नाही. रेटिनोस्कोप नावाचं एक छोटं यंत्र असतं, त्याची उजेडाची पट्टी डोळ्यात टाकून आतून परत येणारा उजेड कुठल्या बाजूनं सरकतो ते बघतो, समोर भिंगं बदलत जातो, आणि सरकणं थांबलं की नंबर कळला. पण लेकराच्या डोळ्यात फोकस करायची ताकद एवढी जबर असते की ते स्वतःचा प्लस नंबर सहज झाकून टाकतं, म्हणून थेंब किंवा मलम टाकून ती ताकद थोडा वेळ शांत करावी लागते. त्यानं डोळे दिपतात, जवळचं धुरकट दिसतं, ॲट्रोपिनचं मलम असेल तर आठवडाभर, कधी थोडं जास्तही राहतं, त्याला घाबरू नका. मलम लावल्यावर तोंड लालबुंद झालं किंवा ताप आला तर मात्र थांबवा आणि डॉक्टरला लगेच फोन करा.

लांबचं न दिसण्याचा, मायनस नंबर, तो शाळेच्या वयात वाढतो, आणि त्यावर सगळ्यात साधा उपाय आहे बाहेरचा उजेड, रोज दोनेक तास. घरात ट्यूबलाईटखाली तीनशे-पाचशे लक्स उजेड असतो, बाहेर मोकळ्यावर दहा हजाराच्या वर, झाडाच्या सावलीतही घरापेक्षा कितीतरी जास्त. तैवानमध्ये 2010 पासून शाळांनी मुलांना रोज 120 मिनिटं बाहेर काढायची मोहीम चालवली. आपल्या नागपूरच्या मे महिन्यात दुपारी कोणी बाहेर काढणार नाही, पण सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी ऊन उतरल्यावर तर अंबाझरी आहे, फुटाळा आहे, गल्ली आहे. आणि मुलींच्या आयांना हात जोडून सांगते, पोरीला चष्मा नको, लग्नाला अडचण होईल, म्हणून तिचा नंबर लपवू नका. चष्मा लावल्यानं नंबर वाढत नाही. न लावल्यानं ती फळ्यावरचं वाचू शकत नाही, आणि घरी मात्र अभ्यासात लक्ष नाही म्हणून बोलणी खाते.

एक विषयाबाहेरचं सांगते पण सांगतेच. आपल्या भागात घरोघरी खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखू-चुना घोटलेला, आणि त्याच्या चुन्याची डबी नाहीतर पुडी लेकरांच्या हाताला लागेल अशी पडलेली असते. ते दाबतं आणि चुना सरळ डोळ्यात उडतो. असं झालं तर दवाखान्याकडे धावायच्या आधी नळाखाली धरा, डोळा उघडा ठेवून निदान पंधरा-वीस मिनिटं धुवा, आणि मगच निघा.

2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची टीम अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा येते, डोळेही बघते. पण तुमचं लेकरू त्या दिवशी घरी असेल तर राहिलं, आणि चिठ्ठी मिळाली तरी ती दप्तराच्या तळाशी चुरगळून पडलेली मी किती वेळा बघितलीय, तर आज दप्तर एकदा उलटं करा. आणि झोपायच्या आधी तो खेळही करून बघा, तळवा वाटीसारखा करून, डोळा न दाबता, आधी एक मग दुसरा. दोन्ही वेळा सारखंच वागलं तर चांगलं, तरी तीन-चार वर्षांचं असताना एकदा रीतसर तपासणी हवीच. एका बाजूला हात ढकलला, मान वळवली, चिडलं, तर उद्याच निघा. नागपूरच्या सरकारी दवाखान्यांत, मेडिकलला, मेयोला, मिहानच्या एम्सला डोळ्यांचा विभाग आहे. सकाळी लवकर जा, चिठ्ठी काढायलाच रांग असते, आणि थेंब टाकल्यावर दोनेक तास बसावं लागतं म्हणून डबा न्या, परतताना ऊन टोचतं म्हणून टोपी न्या, दुसऱ्या दिवशी शाळेत पेपर असेल तर तेवढा तो दिवस टाळा, आणि जुना चष्मा असेल तर काडी तुटलेला का असेना, पिशवीत टाका.