नव्या गाडीवरची करसवलत: खरेदी वाढते की नुसती अलीकडे येते?

मंदीची चाहूल लागली की अर्थमंत्र्यांपुढे जे प्रस्ताव सर्वांत आधी येतात, त्यांत नवी गाडी घेणाऱ्याला करात सूट द्या, हा प्रस्ताव हमखास असतो. मी आज त्याच्या विरोधात बोलणार आहे. पण त्यामागचा विचार कच्चा नाही, म्हणून आधी त्याची बाजू मांडतो.

गाडी ही पुढे ढकलता येणारी खरेदी आहे. धान्याचे, औषधाचे, घरभाड्याचे तसे नसते. नोकरीची शाश्वती वाटेनाशी झाली की घरात पहिला निर्णय हाच होतो: आहे ती गाडी अजून वर्षभर चालवू. एकेका घराच्या दृष्टीने हा निर्णय शहाणपणाचाच असतो. लाखो घरांनी तो एकाच वेळी घेतला की मात्र कारखाने थांबतात. अमेरिकेत २००७ साली सुमारे एक कोटी साठ लाख नव्या गाड्या खपल्या होत्या. २००९ साली तो आकडा एक कोटी चार लाखांच्या आसपास आला. दोन वर्षांत एक तृतीयांश बाजार नाहीसा झाला. एप्रिल २००९ च्या अखेरीस क्रायस्लरने आणि १ जूनला जनरल मोटर्सने दिवाळखोरीसाठी अर्ज केला. या कारखान्यांच्या मागे टायरवाले, काचवाले, ओतकाम करणारे, वायरिंग आणि सीट बनवणारे असे शेकडो पुरवठादार उभे असतात. त्यांतले बरेच जण दोन महिन्यांची थकबाकीही सोसू शकत नाहीत. अशा वेळी ग्राहकाला शोरूमपर्यंत आणण्यासाठी सरकारने थोडा कर सोडला तर काय बिघडले, असे कुणालाही वाटेल.

आता ही सूट प्रत्यक्षात कशी दिली जाते ते पाहू. खरी गोम तिथेच आहे.

फेब्रुवारी २००९ मध्ये अमेरिकेत जो मोठा उत्तेजन कायदा झाला, त्यात एक तरतूद अशी होती: त्या वर्षात नवी गाडी घेतली तर तिच्यावर भरलेला विक्रीकर तुमच्या करपात्र उत्पन्नातून वजा करता येईल. गाडीच्या किमतीतले पहिले ४९,५०० डॉलर यासाठी धरले जात आणि फार मोठ्या उत्पन्नाच्या लोकांना ही वजावट नव्हती. ऐकायला चांगले वाटते. आता हिशेब करू. पंचवीस हजार डॉलरची गाडी, त्यावर सहा टक्के विक्रीकर म्हणजे १,५०० डॉलर. लक्षात घ्या, हे १,५०० डॉलर परत मिळत नाहीत. ते उत्पन्नातून वजा होतात. माणूस १५ टक्के कराच्या टप्प्यात असेल तर त्याचा कर २२५ डॉलरने कमी होतो. गाडीच्या किमतीच्या एक टक्कासुद्धा नाही. आणि तेही विवरणपत्र भरताना, म्हणजे बहुतेकांच्या बाबतीत पुढच्या वर्षी. ज्याची नोकरी गेली आहे, ज्याचे उत्पन्न करपात्रच उरलेले नाही, त्याला शून्य. जितका वरचा टप्पा तितका फायदा जास्त. ज्याचे अडलेले असते ते सुरुवातीच्या भरण्याच्या रकमेवर. तो भरणा आज करायचा असतो आणि सूट पुढच्या वर्षी येते. मग ती मिळते कुणाला? ज्याने गाडी घ्यायचे आधीच ठरवले होते त्याला.

ही अडचण ओळखूनच त्याच वर्षी दुसरी योजना आली. जुनी, जास्त इंधन पिणारी गाडी आणून द्या आणि नव्या गाडीच्या बिलातून तिथल्या तिथे ३,५०० किंवा ४,५०० डॉलर कमी करून घ्या. जुलै २००९ अखेर ती सुरू झाली तेव्हा एक अब्ज डॉलर ठेवले होते. ते काही दिवसांत संपत आले. संसदेने आणखी दोन अब्ज दिले आणि ऑगस्ट संपायच्या आत योजना बंदही झाली. सुमारे पावणेसात लाख गाड्या. वर्तमानपत्रांनी ती यशस्वी ठरवली आणि त्या दोन महिन्यांपुरते ते खरेही होते.

आतिफ मियाँ आणि आमिर सूफी या अर्थतज्ज्ञांनी यावर जे काम केले ते मला फार मोलाचे वाटते, कारण त्यांनी प्रश्न नेमका विचारला. काही शहरांत योजनेला पात्र ठरतील अशा जुन्या गाड्या भरपूर होत्या, काही शहरांत कमी. योजनेने खरोखर मागणी तयार केली असेल तर पहिल्या प्रकारच्या शहरांत विक्री जास्त वाढली पाहिजे आणि ती वाढ टिकली पाहिजे. वाढली. दोन महिन्यांत सुमारे तीन लाख सत्तर हजार जादा गाड्या. पण पुढच्या महिन्यांत त्याच शहरांतली विक्री इतरांपेक्षा खाली गेली आणि मार्च २०१० पर्यंत जवळपास सगळी वाढ पुसली गेली. त्या शहरांत रोजगारावर काही परिणाम झाल्याचेही त्यांना आढळले नाही. जी गाडी डिसेंबरमध्ये किंवा फेब्रुवारीत घेतली जाणार होती, ती ऑगस्टमध्ये घेतली गेली, एवढेच.

दुसरा एक अभ्यास होएक्स्ट्रा, पुलर आणि वेस्ट यांचा. त्यांनी जुनी गाडी किती इंधन पिते यावरून ठरणाऱ्या पात्रतेच्या रेषेच्या जरा अलीकडची आणि जरा पलीकडची कुटुंबे ताडून पाहिली. अनुदानातला जवळजवळ साठ टक्के पैसा अशा कुटुंबांकडे गेला, जी त्या दोन महिन्यांत तशीही गाडी घेणारच होती. आणि नवी गाडी कमी इंधन खाणारी हवी, या अटीमुळे लोक लहान गाड्यांकडे वळले. सरासरी पाच हजार डॉलरने स्वस्त. त्यामुळे दहा महिन्यांचा काळ धरला तर नव्या गाड्यांवर झालेला एकूण खर्च उलट घटला. पर्यावरणासाठी घातलेली अट आणि उद्योगाला हात देण्याचा हेतू एकमेकांच्या विरुद्ध दिशेने ओढत होते. एकाच योजनेवर दोन कामे लादली की असे होते.

एक गोष्ट मला अजूनही खटकते. जमा झालेल्या त्या जुन्या गाड्यांच्या इंजिनात सोडियम सिलिकेटचे द्रावण ओतून, इंजिन चालवून ती कायमची जाम करायची, असा नियम होता. चालत्या गाड्या. नवी गाडी ज्यांना कधीच परवडत नाही, त्यांच्या बाजारातून पावणेसात लाख गाड्या करदात्यांच्या पैशाने काढून टाकल्या गेल्या. उत्तेजनाच्या हिशेबात हा तोटा कुणी लिहीत नाही.

मग अशी सवलत नेहमीच वाया जाते का? नाही. जर्मनीने २००९ मध्ये नऊ वर्षांहून जुनी गाडी मोडीत काढून नवी घेणाऱ्याला २,५०० युरो दिले. दीड अब्ज युरोने सुरू झालेली योजना पाच अब्जांवर गेली. त्या वर्षी ३८ लाख नव्या गाड्यांची नोंदणी झाली आणि २०१० मध्ये २९ लाखांची. इथेही खड्डा पडलाच. पण तोवर चीन आणि इतर देशांतून मागणी परत आली होती, निर्यात सुरू झाली आणि घरच्या बाजारातली घट कारखान्यांना झेपली. म्हणजे पुढच्या वर्षीची मागणी आज उचलणे उपयोगी पडू शकते, पण मंदी थोडक्यात संपणार असेल तरच. ती लांबली तर दुसऱ्या वर्षी मंदीही असते आणि पुढचे ग्राहकही आधीच संपलेले असतात. आणि मंदी किती लांबेल हे योजना आखताना कुणालाच ठाऊक नसते.

थायलंडचे उदाहरण मला सर्वांत अस्वस्थ करते. २०११ मध्ये तिथल्या सरकारने पहिली गाडी घेणाऱ्यांना एक लाख बाथपर्यंतचा उत्पादन कर परत देण्याचे जाहीर केले. अट अशी की गाडी पाच वर्षे विकायची नाही. दहा लाखांहून जास्त लोकांनी नाव नोंदवले. २०१२ मध्ये विक्री चौदा लाखांच्या वर गेली आणि २०१४ मध्ये नऊ लाखांच्याही खाली आली. २०११ च्या महापुराने रखडलेली खरेदी त्या उसळीत मिसळली होती आणि २०१४ मध्ये लष्करी उठाव झाला, त्यामुळे सगळा दोष योजनेवर टाकता येणार नाही. पण सवलतीच्या ओढीने ज्यांनी ऐपतीपलीकडे जाऊन कर्ज काढले, त्यांतल्या अनेकांचे हप्ते थकले, गाड्या वित्त कंपन्यांनी उचलून नेल्या आणि लिलावात जुन्या गाड्यांचे भाव पडले. नव्या ग्राहकांना बाजारात आणायचे हे ध्येय चांगले होते. पण एकदाच मिळणारी सूट कुणाचे मासिक उत्पन्न वाढवत नाही.

चीनने १.६ लिटरपर्यंतच्या इंजिनाच्या गाड्यांवरचा खरेदी कर २००९ मध्ये १० वरून ५ टक्क्यांवर आणला. विक्री एका वर्षात ९४ लाखांच्या आसपासून १ कोटी ३६ लाखांवर गेली. तिथे लाखो घरे पहिल्यांदाच गाडी घेण्याच्या उंबरठ्यावर होती, म्हणून ती वाढ टिकली. हाच उपाय २०१५ च्या ऑक्टोबरमध्ये पुन्हा केला तेव्हा २०१६ मध्ये विक्री उसळली, २०१७ मध्ये मंदावली आणि २०१८ मध्ये अनेक वर्षांत पहिल्यांदा घटली.

आता अमेरिकेत २०२५ चा नवा कायदा आहे. २०२५ ते २०२८ या काळात नव्या गाडीच्या कर्जावरचे व्याज, वर्षाला दहा हजार डॉलरपर्यंत, उत्पन्नातून वजा करता येते. गाडीची अंतिम जुळणी अमेरिकेत झालेली हवी. चाळीस हजार डॉलरचे कर्ज सात टक्क्यांनी सहा वर्षांसाठी घेतले तर पहिल्या वर्षी साधारण २,६०० डॉलर व्याज जाते. १२ टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाचे त्यातून ३१२ डॉलर वाचतात, महिन्याला २६. दहा हजार डॉलर व्याज भरायला केवढे कर्ज लागेल, याचा विचार करा. साठवलेल्या पैशातून रोखीने गाडी घेणाऱ्याला यात काहीच नाही. जुनी गाडी घेणाऱ्यालाही नाही. जितके कर्ज मोठे तितकी सूट मोठी. घरांनी कर्ज वाढवावे म्हणून सरकारने महसूल सोडणे मला गैर वाटते.

अशा व्याख्यानांनंतर कुणीतरी विचारतेच, की मग कारखान्यातल्या कामगाराने काय करायचे? प्रश्न रास्त आहे, माझी काळजीही तीच आहे. कामगार वाचवायचा असेल तर पैसा कामगारापर्यंत जायला हवा. जर्मनीत त्याच २००९ मध्ये कामाचे तास कमी करून बुडालेल्या पगाराचा मोठा भाग सरकारी निधीतून देण्याची व्यवस्था मोठ्या प्रमाणावर वापरली गेली. दहा लाखांहून अधिक कामगार त्या आधाराने नोकरीवर राहिले. मोटार कारखान्यातले राहिले, तसे यंत्रसामग्रीच्या कारखान्यातलेही. कुणाला गाडी घ्यावी लागली नाही, कुणाला कर्ज काढावे लागले नाही.

२०२० मध्ये महासाथीने कारखाने बंद पडले तेव्हा जर्मन मोटार उद्योगाने पेट्रोल आणि डिझेल गाड्यांसाठी पुन्हा तशाच अनुदानाची मागणी केली. दोन्ही बाजूंनी जोरदार वाद झाला. जूनमध्ये सरकारने ती मागणी नाकारली. विजेवरच्या गाड्यांचे अनुदान तेवढे वाढवले, बाकी मूल्यवर्धित कर सहा महिन्यांसाठी १९ वरून १६ टक्क्यांवर आणला आणि किराण्यासारख्या कमी दराच्या वस्तूंवरचा ७ वरून ५ टक्क्यांवर, आणि कमी तासांच्या पगाराची व्यवस्था पूर्वीपेक्षा कितीतरी मोठ्या प्रमाणावर चालवली. मला हा निर्णय बरोबर वाटतो. तात्पुरत्या करकपातीनेही काही खरेदी अलीकडे ओढली जातेच, पण सायकल घेणारा, फ्रिज घेणारा आणि नुसता किराणा भरणारा, तिघांनाही तिचा वाटा मिळू शकतो. गाडी न घेणाऱ्याच्या कराच्या पैशातून गाडी घेणाऱ्याला सूट देताना सरकारला जे समर्थन शोधावे लागते, ते इथे शोधावे लागत नाही.