गोठवलेलं वीर्य आणि फलनाचं पहिलं मिनिट

गोठवलेल्या वीर्यानं फलनाचं प्रमाण घसरलं की माशांच्या हॅचरीत, म्हणजे मत्स्यबीज केंद्रात, दोष बहुधा गोठवण्यावर ढकलला जातो. माझ्या मते खरं नुकसान बरेचदा दुसरीकडेच होतं. एक तर नराचं वीर्य काढताना, नाहीतर स्ट्रॉ (गोठवलेलं वीर्य भरलेली बारीक नळी) वितळल्यापासून अंड्यांवर पाणी पडेपर्यंत. आज बोलायचं ते मुख्यतः याबद्दल, आणि तेही कार्प माशांपुरतं.

माशाचे शुक्राणू नराच्या शरीरात निश्चल असतात. कार्पच्या शुक्राणूंना गोडं पाणी लागलं, म्हणजे भोवतालचे क्षार एकदम कमी झाले, की ते पोहू लागतात. ही हालचाल जेमतेम मिनिटभर टिकते. साठवलेली ऊर्जा एकदा खर्च झाली की ते वीर्य फलनाच्या कामाचं राहत नाही. म्हणून वीर्य काढताना पाणी आणि मूत्र हे दोन शत्रू. मूत्रात वीर्यापेक्षा क्षार कमी असतात. ते मिसळलं की काही शुक्राणू नळीतच धावून थकतात. मासा बेशुद्ध करा, जननछिद्र कोरडं पुसा, पोट हलकं दाबून मूत्र आधी काढून टाका, वीर्याचे पहिले थेंब सोडून द्या आणि मगच कोरड्या सिरिंजमध्ये वीर्य ओढा.

पुढची तपासणी कधीही टाळू नका. कोरड्या काचपट्टीवर वीर्याचा अगदी बारीक ठिपका घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. पाणी न घालताच काही वळवळताना दिसलं, तर तो नमुना बाद. सगळं स्थिर असेल तर कडेनं पाण्याचा थेंब सोडा. संपूर्ण दृश्य एकदम उसळलं पाहिजे. दहापैकी आठ शुक्राणूही पुढे सरकत नसतील, तर असं वीर्य गोठवण्यात द्रव नायट्रोजन (गोठवायला लागणारा अतिथंड द्रव) वाया घालवू नये.

गोठवण्याची कृती त्यामानानं सरळ आहे. एक लिटर शुद्ध पाण्यात 63 ग्रॅम ग्लुकोज आणि 3.6 ग्रॅम ट्रिस (पीएच, म्हणजे आम्लता, स्थिर ठेवणारं रसायन), पीएच 8. या द्रावणाचे 8 भाग आणि गोठताना शुक्राणूंना जपणाऱ्या मिथेनॉलचा 1 भाग आधी एकत्र करून बर्फावर थंड करा. नंतर त्यात वीर्याचा 1 भाग घाला. मिथेनॉल थेट वीर्यावर ओतलं तर जिथं पडेल तिथले शुक्राणू मरतात. मिश्रण तयार झालं की रेंगाळू नका. अर्ध्या मिलिलिटरच्या स्ट्रॉ भरून, थर्माकोलच्या पेटीत द्रव नायट्रोजनच्या पृष्ठभागापासून 3 सेंटिमीटर उंचीवर 3 मिनिटं आडव्या ठेवा आणि मग बुडवा. हातमोजे, चष्मा आणि हवेशीर खोली हवीच.

आता हिशेब. मूळ वीर्यात मिलिलिटरला 2000 कोटी शुक्राणू असतील, तर दहापट विरळ केल्यावर एका स्ट्रॉमध्ये 100 कोटी येतात. 10 ग्रॅम अंडी म्हणजे ढोबळमानानं 10 हजार नग. म्हणजे एका स्ट्रॉमागे प्रत्येक अंड्याच्या वाट्याला एक लाख. ताज्या वीर्याला याहून बरेच कमी पुरतात; इथं मात्र वितळल्यावर निम्मेच पोहतात असं दिसलं, तर दोन स्ट्रॉ घ्या. सगळ्याच नरांचं वीर्य इतकं दाट नसतं, म्हणून मोजणी करूनच स्ट्रॉ ठरवाव्यात.

अंडी कोरड्या भांड्यात तयार ठेवूनच स्ट्रॉ बाहेर काढा. 40 अंश सेल्सिअसच्या पाण्यात 13 सेकंद, घड्याळ लावून; अंदाजानं नको. जास्त वेळ झाला तर शुक्राणू उष्णतेनं मरतात, कमी झाला तर मधला गाभा बर्फच राहतो. स्ट्रॉ बाहेरून पुसा, कारण तिच्यावरचं पाणी शुक्राणूंना अंड्यांआधीच जागं करतं. वीर्य अंड्यांवर पसरून मिसळा, लगेच पाणी घाला आणि ढवळा. पाणी अंडी जेमतेम भिजतील इतकंच. जास्त ओतलं तर शुक्राणू विखुरतात, आणि अंड्यात शिरायला सूक्ष्मछिद्र एकच असतं, तेही पाणी लागल्यावर लवकरच बंद होतं. अंडी चिकट जातीची असतील तर एक लिटर पाण्यात 4 ग्रॅम मीठ आणि 3 ग्रॅम युरिया घालून तेच द्रावण वापरा.

एकदम दहा स्ट्रॉ वितळवून ठेवण्याची सवय सोडावी. एका वेळी एका भांड्यापुरत्याच घ्या. आणि दर वेळी त्याच मादीची थोडी अंडी वेगळी काढून ताज्या वीर्यानं फलित करा. तीही पांढरी पडली, म्हणजे मेली, तर दोष स्ट्रॉचा नाही, बहुधा अंडी जास्त पिकली होती.