छापील किंमत

(दृश्य: ओट्यावर साबणाची लादी, तराजू, सुरी)

खोबरेल, तीळ आणि एरंडेल मिळून एक किलो तेल. त्यात मोजून घातलेला कॉस्टिक सोडा आणि पाणी. ओला साबण चौदाशे ग्रॅमच्या वर भरतो. मग चार ते सहा आठवडे जाळीवर वाळताना पाणी उडतं, आणि शंभर ग्रॅमच्या जेमतेम १२ वड्या हाती लागतात. हिशोब ओल्या वजनावर धरला, तर तो इथेच चुकला.

(दृश्य: वही)

तेल, सोडा, सुगंध, वेष्टन मिळून समजा ६५० रुपये लागले. म्हणजे वडीमागे ५४. घरगुती उद्योगात बऱ्याचदा यावर पंधरा-सोळा रुपये चढवतात आणि ७०ला विकतात. मजुरीचा रकाना कोराच. का, तर 'घरीच तर करते!'

ढवळणं, कापणं, कडा तासणं, कागद गुंडाळणं, वर तेलकट भांडी घासणं. तीन तास कुठे जातात कळत नाही. तासाला ८० धरले तरी वडीमागे २० होतात. वीज, तुटक्या वड्या, स्टॉलचं भाडं यांचे सहा. झाले ८०. म्हणजे ७०ला वडी विकली, की स्वतःच्या मजुरीतले दहा आपणच गिऱ्हाइकाला दिले.

(दृश्य: प्रदर्शनातली गर्दी)

त्यात महालक्ष्मी सरससारख्या प्रदर्शनात घासाघीस ठरलेली. "घरचाच आहे ना? तीनाचे दोनशे करा."

खरी परीक्षा दुकानात. दुकानदार छापील किमतीवर ३० टक्के मागतो. ७०मधले २१ गेले, उरले ४९. कच्चा मालही सुटला नाही.

मग छापील किंमत १६० ठेवून पाहू. दुकानाचे ४८ वजा केले की ११२ उरतात, खर्च काढून ३२. हा नफा चैनीचा नाही. २०२५ मध्ये खोबरेल भडकलं, तेव्हा पुढचा डबा यातूनच आला असता. शिवाय विक्रीसाठी साबण करायचा तर एफडीएचा, म्हणजे अन्न व औषध प्रशासनाचा, परवाना हवा. तो खर्चही कुठेतरी बसवायचाच.

आणि स्टॉलवरही १६०च. तिथे ७०ला मिळतोय कळलं, तर दुकानदार माल परत पाठवील.

(दृश्य: नवं लेबल, कमाल किरकोळ किंमत १६० रुपये, सर्व करांसह)

नेहमीच्या काकू वडी उचलून नाकाशी धरतात. लेबल वाचतात.

"एकदम एवढी?"

तीनऐवजी एकच घेतात.