मेंबरांची मावशी

श्रोतेहो, नमस्कार.

आज मी माझ्या आजीबद्दल बोलणार आहे. आई तिला 'आये' म्हणायची, मी आजी म्हणायचे आणि लालबागच्या आमच्या चाळीत जेवायला येणारे गिरणी कामगार तिला 'मावशी' म्हणायचे. ते तिचे मेंबर. महिन्याच्या बोलीवर खानावळीत जेवणाऱ्याला गिरणगावात, म्हणजे मुंबईच्या कापड गिरण्यांच्या भागात, मेंबरच म्हणत. आजी गेली तेव्हा तिच्याविषयी काही लिहिलेलं शोधायला गेले, तर घरात एक बँकेचं पुस्तक सोडून काही सापडलं नाही. म्हणून हे बोलणं.

मालवणकडून ती लग्न होऊन मुंबईत आली. बोटीने, भाऊच्या धक्क्यावर उतरून. आजोबा गिरणीत बदली कामगार होते. कायमचा माणूस गैरहजर असेल तर काम, नाहीतर फाटकावरून माघारी. अशा मिळकतीवर महिना निघेना, तेव्हा आजीने आधी गावचेच दोघे-तिघे जेवायला घेतले. कोकणातून, सातारा-सांगलीकडून आलेली ही माणसं बायका-मुलांना गावी ठेवून एकेका खोलीत दाटीवाटीने राहत. एकाची पाळी सुटली की त्याने पथारी पसरायची, तोवर दुसरा कामावर निघालेला. त्यांच्या जेवणाची सोय चाळीतल्या बायकांनी केली. हळूहळू आमच्या 10 बाय 12 च्या खोलीत वीसेक मेंबर झाले आणि घरातली माणसं उरलेल्या जागेत मावायला शिकली. आईने अभ्यास जिन्यात बसून केला. ती मॅट्रिक झाली त्या दिवशी आजीने सगळ्या मेंबरांना शिरा वाढला, त्याचे पैसे लावले नाहीत.

गिरणीत तीन पाळ्या, म्हणून आजीच्याही तीन पाळ्या. सकाळी सातच्या भोंग्याआधी डबे तयार हवेत. दुपारी पहिली पाळी सुटली की पंगत, आणि दुसऱ्या पाळीची माणसं मध्यरात्री सुटून यायची, त्यांना गरम भात हवा. मधल्या वेळात नळाचं पाणी, दळण, रॉकेलची रांग, भांडी. सलग झोपलेली आजी आईने लहानपणी पाहिलीच नाही. सोमवारी-गुरुवारी वरण-भात आणि भाजी, बुधवारी-रविवारी मासे. घाटावरच्या मेंबरांना खोबऱ्याचं कालवण मानवायचं नाही. त्यांच्यासाठी ती वेगळ्या टोपात शेंगदाण्याचं कूट घालून आमटी करायची. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. एकाने ताटात कालवण तसंच ठेवलेलं तिने पाहिलं, दुसऱ्या दिवशी दुसरा टोप चढला.

कुणी रात्री उशिरा तोंड पाडून आला, मुकादमाशी भांडण झालेलं असो की गावाकडून वाईट पत्र आलेलं असो, आजीचं एकच असे : "आधी जेव, मगे काय ता सांग." पोटात अन्न पडल्याशिवाय ती कुणाचं दुःख ऐकून घेत नसे. मला हा तिचा सगळ्यात मोठा शहाणपणा वाटतो.

पण हे सगळं उधारीवर चालायचं. मेंबर पैसे देणार पगार झाल्यावर, तोवर तांदूळ-डाळ वाण्याकडून. उधारीचा माल महाग आणि हलका, तरी घ्यावा लागे. कमी पडलं की सावकार. आजीचं मंगळसूत्र वर्षातले कितीतरी महिने गहाण असायचं, गळ्यात नुसता काळा पोत. वर्षानुवर्षं राबून हातात काही राहत नव्हतं, कारण नफा व्याजात जात होता. हीच गोष्ट कामगार चळवळीतल्या प्रेमा पुरव यांनी नेमकी ओळखली. 1975 साली त्यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि खानावळवाल्या बायकांना राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज मिळवून दिलं. सुरुवातीची रक्कम 1500 रुपये. गहाण ठेवायला काही नाही, तर बायकांनी गट करून एकमेकींची हमी घ्यायची.

आजी त्या कर्जासाठी बँकेत गेली. साहेबांनी विचारलं, "व्यवसाय काय?" ती म्हणाली, "काय नाय, घरातच असतंय." मागे उभी असलेली चाळीतली बाई पुढे झाली आणि म्हणाली, "साहेब, लिहा, खानावळ." आई सोबत होती, तिने मला हे अनेकदा सांगितलं आहे. पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंत राबणाऱ्या बाईला आपलं काम हा व्यवसाय आहे हे तोवर वाटलंच नव्हतं, कारण तसं तिला कुणी म्हटलंच नव्हतं. घरात सापडलं ते पुस्तक याच कर्जाचं. सगळे हप्ते फिटल्याची नोंद त्यात आहे, आणि मंगळसूत्र त्यानंतर पुन्हा सावकाराकडे गेलं नाही.

मग 18 जानेवारी 1982. कामगार नेते डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. या संपाचा इतिहास लिहिला गेला आहे, कामगारांनी काय सोसलं तेही थोडंफार नोंदलं गेलं आहे. खानावळीचं काय झालं, हे मात्र आमच्यासारख्या घरांतच ठाऊक असतं. पगार नाही म्हणजे मेंबराचे पैसे नाहीत, आणि वाणी तर थांबायला तयार नाही. बरेच मेंबर गावाला निघून गेले. जे राहिले त्यांना आजीने पेज घातली, सोबत भाजलेली सुकट. आजोबा संपाआधीच वारले होते. आई तोवर नोकरीला लागली होती, तिच्या पगारातून तांदूळ येत होता. ती एकदा चिडून म्हणाली, यांची वही तरी नीट ठेव, गिरण्या सुरू झाल्या की वसूल करू. आजी म्हणाली, "उपाशी माणसाचो हिशेब लिवचो नसता." संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही आणि बहुतेक मेंबर परत आले नाहीत.

मला आठवते ती यानंतरची आजी. खानावळ बंद झालेली, मोठे टोप माळ्यावर गेलेले, पण हाताला चौघांचा अंदाज कधी आलाच नाही. रोज भात उरायचा. मग ती तो डब्यात भरून चाळीसमोरच्या गिरणीच्या जागेत टॉवर बांधणाऱ्या मजुरांना नेऊन द्यायची. बिहारकडची पोरं होती. तिची मालवणी त्यांना कळत नव्हती, त्यांची भोजपुरी हिला कळत नव्हती, तरी महिन्याभरात ती सगळी तिला मावशी म्हणायला लागली. माझ्या शाळेतल्या मैत्रिणींनाही ती दारातच विचारायची, जेवलीस का, आणि उत्तर काहीही आलं तरी ताट वाढायची.

पुढे गिरणी कामगारांच्या घरांसाठी सोडती निघू लागल्या. त्यासाठी गिरणीतल्या नोकरीचा पुरावा लागायचा, आणि तो योग्यच आहे. पण ज्या बाईच्या हातचं जेवून ती पिढी साच्यावर, म्हणजे मागावर, उभी राहिली, तिच्याजवळ पास नव्हता, हजेरीपट नव्हता, पगाराची पावती नव्हती. हे मला आजही सलतं. तिला सलत नव्हतं. एका जुन्या मेंबराच्या मुलाने पेढे आणले तेव्हा ती म्हणाली, "माझ्या मेंबराक घर लागला, ता काय कमी?"

श्रोतेहो, तुमच्यापैकी कुणाचे वडील, आजोबा, काका मुंबईच्या गिरण्यांत असतील. ते हयात असतील तर त्यांना विचारा, तुम्ही कुणाच्या खानावळीत जेवत होता. त्या बाईचं नाव, चाळीचं नाव, खोली नंबर आठवत असेल तर लिहून ठेवा. गिरण्यांच्या कागदांत ही नावं नाहीत, त्यामुळे ती फक्त त्या माणसांकडेच मिळतील, आणि ती माणसं आता म्हातारी झाली आहेत.

नमस्कार.