ॲश, त्याची लेक आणि आपल्या पोरी

नमस्कार मंडळी. मागच्या आठवड्यात ग्रुपवर टेनिसपटू आर्थर ॲशचा तो मेसेज परत फिरला, "कप हातात होता तेव्हा देवाला विचारलं नाही, मीच का, मग आता आजारपणात कसं विचारू" तो. सगळ्यांनी हात जोडले. विचार खरंच त्याचा आहे, शेवटच्या पुस्तकात त्यानं तसं लिहिलंय. आणि त्याच शनिवारी हळदीकुंकवाला आमच्या धाकटीला कुणीतरी म्हणालं, अगदी मायेनं हं, "अगं किती काळवंडलीस, ते टेनिस जरा ऊन उतरल्यावर खेळ ना." घरी येताना गाडीत तिनं विचारलं, "बाबा, काळं झालं की काय होतं?"

आपण अमेरिकेत रिचमंडमध्ये राहतो, ॲश इथला. ब्रुक रोडवर आज मोठं पोस्ट आहे ना, तिथे पूर्वी काळ्या लोकांसाठीचं मैदान होतं, त्याचे वडील तिथले रखवालदार, घरही तिथेच. आई गेली तेव्हा पोरगा 6 वर्षांचा होता. बर्ड पार्कच्या कोर्टांवर आपली मुलं आता क्लासला जातात, तिथे त्याला खेळू देत नव्हते, कारण रंग. पुढे त्यानं 1968 ची यूएस ओपन जिंकली, 1975 ला विंबल्डनच्या फायनलला जिमी कॉनर्सला हरवलं, 6-1, 6-1, 5-7, 6-4. पुरुष एकेरीत विंबल्डन जिंकलेला काळा खेळाडू अजूनही तो एकटाच.

पण मला सारखा आठवतो तो बाप ॲश. बायको जीन फोटोग्राफर, म्हणून लेकीचं नाव कॅमेरा. 1983 मध्ये हृदयाचं दुसरं ऑपरेशन झालं त्या वेळी चढवलेल्या रक्तातून त्याला एचआयव्ही झाला, कळलं 1988 ला. घरच्यांसाठी त्यानं ते झाकून ठेवलं होतं, पण एका पेपरला कुणकुण लागली आणि 8 एप्रिल 1992 ला त्याला जगासमोर यावं लागलं. आजाराचं त्यानं नीट सांगितलं. लेकीचा विषय आला आणि त्याला बोलवेना, पुढचं जीननं वाचलं. लेक 5 वर्षांची होती. त्या दिवसांत जीननं बापलेकीचे फोटो काढत त्याचं लहान मुलांसाठी पुस्तक केलं, त्यात बरे दिवसही आहेत आणि आजारपणाचेही.

त्याच वर्षी यूएस ओपनच्या आदल्या दिवशी एड्सच्या मदतीसाठी सामने होते. लेक प्रेक्षकांत बसून एका बाहुलीशी खेळत होती, बाहुली गोरी, सोनेरी केसांची. टीव्हीचे कॅमेरे होते, हे बघून आपले काळे लोक काय म्हणतील म्हणून ॲश कासावीस झाला आणि त्यानं जीनला सांगून ती बाहुली बाजूला ठेवायला लावली. पोर मजेत खेळत होती हो! नंतर त्याचं त्यालाच इतकं लागलं की ते सगळं त्यानं लिहून ठेवलं. एका पत्रकार बाईंनी विचारलं होतं, एड्स हेच सगळ्यात जड ओझं असेल ना? तो म्हणाला, नाही, काळं असणं हे त्याहून जड.

हे फॉरवर्डमध्ये येत नाही. आपण देवाचं तेवढं घेतो आणि रंगाचं सोडून देतो. का, ते आपल्याला माहितीये. साय-हळद, डाळीचं पीठ, "नाकीडोळी नीटस पण सावळी", पेपरातल्या त्या जाहिराती, सगळं आपण बॅगेत भरून इथे आणलंय. शेजारी काळं कुटुंब राहायला आलं की आपला आवाज का खाली जातो? मराठीत बोललं म्हणून पोरांना कळत नाही असं समजू नका, त्यांना बरोब्बर कळतं. काकू, आत्या, मावश्या, रागावू नका, तुमचं प्रेम मला ठाऊक आहे, म्हणूनच बोलतोय.

6 फेब्रुवारी 1993 ला तो गेला, 49 वर्षांचा. त्याच्या त्या शेवटच्या पुस्तकाचं शेवटचं प्रकरण म्हणजे लेकीला लिहिलेलं पत्र. त्याला घोर होता की मी नसताना जग हिच्याशी कसं वागेल. आपण तर आहोत, हातीपायी धड आहोत. आपल्या पोरींना उद्या शाळेत कुणी रंगावरून बोललं तर त्या घरी येऊन सांगतील का, की घरीही हेच ऐकतो म्हणून गप्प बसतील, मला खरंच माहीत नाही.