पचमढीचा सीझन

[दृश्य: इंदूर, रामबाग. सकाळ. जिन्याखाली पालथी घातलेली मोठी पातेली.]

मार्चच्या मध्यावर खरमास, म्हणजे शुभकार्याला वर्ज्य मानलेला महिना, लागतो आणि इंदूरच्या लग्नांना खीळ बसते. १४ एप्रिलच्या आसपास तो सुटेपर्यंत मुहूर्त नाहीत. रोजावर जाणारे आचारी, पुरीवाले, वाढपी सगळे घरी. आणि नेमक्या याच दिवसांत पचमढीची हॉटेलं माणसं शोधत असतात.

पचमढी सातपुड्यात, १,०६७ मीटर उंचीवर. शाळांना सुट्ट्या लागल्या की गर्दी सुरू, ती पाऊस पडेपर्यंत. पण माणसं आधीच भरलेली असतात. मे महिन्यात पायथ्याच्या पिपरिया स्टेशनला उतरून, वर जाऊन दारोदार विचारणाऱ्याच्या वाट्याला बहुतेक भांडीच येतात.

जाहिरात क्वचित निघते. गेल्या वर्षी जाऊन आलेल्या तंदूरवाल्याला शेफ फोन करतो, "येताना दोन पोरं घेऊन ये." झाली भरती.

[दृश्य: ओटा, कांद्याचं पोतं. एक तरुण आणि म्हातारे आचारी.]

"काका, मला घेतील ना?"

"कांदा कापतोस?"

"रोज कापतो."

"घरचा नाही रे. नाश्त्याआधी दहा किलो."

इंदूरचा म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: पोहे येतात का? आपल्या घरच्या कांदेपोह्यांची इथे फारशी मदत होत नाही. (हे आईला सांगू नये.) इंदुरी पोहे धुऊन निथळवायचे, हळद-मीठ-साखर लावायची आणि उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर ठेवून द्यायचे. वाढताना वर शेव, जीरावन (इंदुरी मसाला), बारीक कांदा. नाश्ता सातला लागतो, पाहुणे मात्र साडेनऊला डोळे चोळत येतात. कढईतले पोहे तोवर वाळून जातात, वाफेवरचे मऊ राहतात. शेफला इंदूरचा पोरगा हवा असतो तो यासाठी.

कागद फार लागत नाहीत. आधार आणि डॉक्टरचा दाखला. अन्न हाताळणाऱ्याची वर्षातून एकदा तपासणी आणि टायफॉइडची लस, हा नियमच आहे. दाखला खिशात असला की काम लवकर ठरतं.

पैशाचं मात्र नीट विचारावं. लग्नाचा रोज बहुधा त्याच रात्री हातात पडतो, रिसॉर्टचा पगार महिन्याने. काही ठिकाणी पहिला पगार अडकवून ठेवतात, कारण अक्षय्य तृतीयेच्या लग्नांत दुप्पट रोज दिसला की पोरं पळतात. मालकाची भीती खोटी नाही, पण राबलेल्याचे पैसे अडवणं हा त्यावरचा उपाय नव्हे. पगाराची तारीख, झोपायची जागा आणि परतीचं भाडं, हे तिन्ही गाडीत बसण्याआधी ठरवून घ्यावं. पोळ्यांसाठी बायकांनाही बोलावतात. त्यांनी खोली वेगळी आहे का, आतून कडी लागते का, हे तिथे काम करून आलेल्या बाईलाच विचारावं.

[दृश्य: मढई, नदीकाठ. ढग.]

१ जुलैला सातपुडा व्याघ्र प्रकल्पाचा गाभा, म्हणजे आतलं जंगल, पर्यटकांना ३० सप्टेंबरपर्यंत बंद होतो, आणि त्याच्या वेशीवरच्या मढईच्या लॉजमधल्या चुली थंडावतात. पचमढीत पावसाळी पाहुणे येतात, पण एवढी माणसं लागत नाहीत. घरी परतावं, तर देवशयनी एकादशीपासून इंदूरचे मुहूर्तही चार महिने बंद. म्हणून जाणती पोरं जूनमध्येच, शेफ खुशीत असेल ती वेळ बघून, विचारून ठेवतात: "पावसाळ्यात कोणाला ठेवणार?"